आकडे कुठून आले? अनेक क्षेत्रांत काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, त्यांचे पालक आणि डेटा घेऊन येणारे संशोधक मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. जिथे सांगण्यासारखं होतं तिथे हात आखडता घेतलेला नाही.

तुम्ही नेमकं करता काय?

दुसऱ्याच्या प्रश्नाला आकड्यांतून उत्तर मिळेल का, आणि मिळालं तर त्यावर किती विसंबायचं, हे ठरवायला मदत करते. एका दिवशी समोर डॉक्टर असतात, दुसऱ्या दिवशी पक्षी मोजणारे, तिसऱ्या दिवशी शाळांच्या परीक्षांवर काम करणारं कुणी. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी म्हणत की संख्याशास्त्रज्ञाची मौज ही, की त्याला प्रत्येकाच्या परसात खेळायला मिळतं. खरं आहे. फक्त त्या परसातली विहीर कुठे आहे ते आधी घरच्यांना विचारावं लागतं.

एकाच माणसाला वैद्यक, शेती, पर्यावरण, शिक्षण हे सगळं कसं कळतं?

कळत नाही. सगळं कळतं असं दाखवणाऱ्यापासून लांबच राहावं. मला कळतो तो प्रश्नाचा सांगाडा, आणि सांगाडे मोजकेच असतात.

एडवर्ड कॅप्लन बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या रिपीटरच्या, म्हणजे क्षीण झालेला संदेश पुन्हा वाढवणाऱ्या उपकरणाच्या, नळ्या किती काळ टिकतात, हा त्यांचा प्रश्न. पॉल मायर यांच्यासमोर रुग्ण होते. अडचण मात्र दोघांची एकच: काही नळ्या अजून चालू आहेत, काही रुग्ण अजून हयात आहेत किंवा मध्येच यायचे बंद झालेत, आणि त्यांचं आयुष्य निदान इतकं आहे एवढंच आपल्याला ठाऊक. त्यांना वगळलं तर आयुष्य खऱ्यापेक्षा कमी दिसतं. आजच संपले असं धरलं, तरी कमीच दिसतं. दोघांनी आपापले लेख एकाच जर्नलकडे पाठवले, दोघांनी मिळून एकच लेख करावा असं संपादकांनी सुचवलं, आणि १९५८ मध्ये जोडलेख छापून आला. त्यातली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी रेघ आज कर्करोगाच्या औषधांवरच्या जवळजवळ प्रत्येक पेपरात दिसते. बल्ब किती दिवस जळतो आणि माणूस किती दिवस बेकार राहतो, यालाही तीच चालते.

दुसरा सांगाडा तळ्यातल्या माशांचा. १०० मासे पकडले, खूण केली, सोडले. काही दिवसांनी ८० पकडले, त्यात २० खुणेचे निघाले. म्हणजे चौथा हिस्सा खुणेचा. तेव्हा तळ्यात अंदाजे ४०० मासे. आता मासे विसरा. रुग्णालयाच्या यादीत एका आजाराचे १०० रुग्ण आहेत, प्रयोगशाळेच्या यादीत ८०, आणि दोन्हींत सामाईक नावं २०. एकूण रुग्ण किती? तोच हिशोब, ४००. दोन्ही याद्यांत मिळून नावं १६० आहेत, म्हणजे २४० माणसं कुठल्याच कागदावर नाहीत. दोन मुद्रितशोधकांनी एकच मजकूर वेगवेगळा तपासला, तर दोघांच्याही नजरेतून सुटलेल्या चुका किती? पुन्हा तेच.

पण इथेच त्या क्षेत्रातलं माणूस लागतं. हा हिशोब दोन पकडींचा एकमेकींशी संबंध नाही असं धरून चालतो. पिंजऱ्यात एकदा अडकलेला उंदीर पुन्हा पिंजऱ्याच्या वाटेला जात नाही. मग दुसऱ्या पकडीत खुणेचे कमी सापडतात आणि अंदाज फुगतो. रुग्णांचं उलट. आजार बळावलेला माणूस दोन्हीकडे जातो, सामाईक नावं वाढतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा खाली येतो. सूत्र एकच, चुका मात्र विरुद्ध दिशांना. यातली कुठली चूक होतेय ते सूत्रात लिहिलेलं नसतं. ते पिंजरे लावणाऱ्याला माहीत असतं.

संशोधक तुमच्याकडे कधी येतात?

उशिरा. प्रयोग संपलेला, ग्रँट संपत आलेली, हातात रिव्ह्यूअरचं पत्र. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत सांगून ठेवलंय, की प्रयोग झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं हे बऱ्याचदा शवविच्छेदनाला बोलावण्यासारखं असतं; प्रयोग कशानं मेला एवढं तो फार तर सांगू शकेल. आमच्याकडे अजूनही बहुतेक शवच येतात. क्वचित एखादा जिवंत प्रयोग आला की त्या दिवशी मी चहा पाजते.

डेटा तर मेलवर पाठवलेला असतो. मग पहिल्या भेटीत इतके प्रश्न कशाला?

फाइलमध्ये आकडे असतात. ते आकडे कसे झाले, ते नसतं.

एकदा माझ्याकडे आलेल्या तक्त्यात रक्तातल्या एका घटकाची सरासरी फारच कमी येत होती. दोन दिवस मी मॉडेलं बदलत बसले. शेवटी नमुने मोजणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो मॅडम, मशीनला दिसलं नाही की आम्ही शून्य टाकतो.’ म्हणजे घटक नव्हता असं नाही. यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेखाली होता. त्याच रकान्यात काही घरं रिकामी होती, ती नमुना सांडला म्हणून. आणि चार ठिकाणी उणे ९९ होतं, ते आधीच्या विद्यार्थ्यानं ‘माहीत नाही’ अशा अर्थानं टाकलेलं. एका रकान्यात ‘नाही’ तीन तऱ्हांनी लिहिलेलं, आणि कॉम्प्युटर शून्य आणि उणे ९९ मुकाट्यानं सरासरीत मिसळत होता. दोन दिवसांचं माझं काम एका फोननं केलं. तेव्हापासून फोन आधी करते.

मोठं उदाहरण हवं असेल तर पीककापणीचं घ्या. पिकाचा अंदाज काढताना शेतात एक तुकडा आखतात, तेवढ्यातलंच पीक कापून तोलतात. तुकडा केवढा असावा यावर १९४० च्या दशकात चांगलाच वाद झाला, कारण लहान तुकडा स्वस्त पडतो. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की फार लहान तुकड्यांतून उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण अगदी मातीतलं आहे: हद्दीवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौरसाला दर चौरस मीटरमागे चार मीटर हद्द असते. दहा मीटर बाजूच्या चौरसाला ०.४ मीटर. दहापट फरक. हद्द जास्त तितकी आत ओढलेली रोपं जास्त. आणि असे हजार तुकडे कापले तरी ही चूक जात नाही, कारण सगळे हात एकाच बाजूला झुकतात. जास्त नमुने घेतले की अंदाज सुधारतो ही समजूत इथे पार कोलमडते: आकडा स्थिर होतो, पण चुकीच्या जागी.

सॅम्पल साइझ किती घेऊ?

या प्रश्नाला ‘३०’ असं उत्तर कुणीतरी केव्हातरी देऊन ठेवलंय आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याला काही आधार नाही. मला आधी सांगा, किती फरक सापडला तर तुमच्या कामाचा? रक्तदाब दोन अंकांनी उतरला तर तुम्ही औषध बदलाल, की दहांनी? आणि तुमची मोजमापं एरवीच किती खालीवर होतात? ही उत्तरं आली की आकडा काढणं पाच मिनिटांचं काम आहे.

त्याहून अवघड भाग पुढे असतो: मोजलेल्या गोष्टी किती आणि एकमेकींपासून वेगळ्या गोष्टी किती. समजा ३० वर्गांतले २०-२० विद्यार्थी घेतले. संख्या ६००, ऐकायला भरघोस. पण एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाच्या हाताखाली असतात, त्यामुळे ती एकमेकांसारखी असतात. हे सारखेपण शून्य ते एकच्या मापावर ०.१ इतकं जरी असलं, तरी १ अधिक १९ (वर्गातली बाकीची मुलं) गुणिले ०.१, म्हणजे २.९ नं ६०० ला भागावं लागतं. हाती उरते सुमारे २०७ मुलांइतकी माहिती. बाकीच्या ३९३ मुलांचे पेपर तपासले गेले, पण त्यांनी नवं फारसं काही सांगितलं नाही.

उंदरांवरच्या प्रयोगात हेच पिंजऱ्यांच्या रूपानं येतं. सहा पिंजरे, प्रत्येकात पाच उंदीर, औषध पिंजऱ्याच्या पाण्यातून. तुमचे उंदीर ३० आहेत, पण औषध दिलं गेलं ते सहा पिंजऱ्यांना. विश्लेषणात ३० लिहिणं म्हणजे एकाच माणसाला पाच वेळा मत देऊ देणं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांची झडती घेऊन या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असं नाव दिलं. शेतीच्या प्रयोगांत ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून पाळली जात होती. एका क्षेत्रातलं जुनं शहाणपण दुसऱ्या क्षेत्रात नव्यानं शोधावं लागतं, हे या पेशात सारखं दिसतं, आणि क्षेत्रं बदलत राहणाऱ्याची पोळीही खरं तर त्यावरच भाजली जाते.

आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकतो, असं होतं का?

रोज. मूतखड्याच्या उपचारांची १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना बघा. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ३५० पैकी २७३ जण बरे झाले, म्हणजे ७८ टक्के. छोट्या छिद्रातून खडा काढण्याच्या नव्या पद्धतीत ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. नवी पद्धत सरस, असं कुणीही म्हणेल. आता खड्याच्या आकारानुसार बघा. लहान खड्यांत जुनी शस्त्रक्रिया ९३ टक्के, नवी ८७. मोठ्या खड्यांत जुनी ७३, नवी ६९. दोन्हीकडे जुनीच पुढे!

गोम अशी, की मोठे, अवघड खडे बहुतेक जुन्या शस्त्रक्रियेकडे पाठवले गेले होते: ३५० पैकी २६३. नव्या पद्धतीच्या वाट्याला २७० लहान खडे आले. सोपा पेपर मिळालेल्या मुलाला जास्त मार्क पडले, इतकंच.

मग दर वेळी गट पाडूनच बघायचं का? तसंही नाही, आणि नवखे इथे हमखास घसरतात. खड्याचा आकार उपचाराच्या आधी ठरलेला होता, म्हणून त्यानुसार गट पाडणं बरोबर. पण समजा रक्तदाबाच्या औषधाचा पक्षाघातावर काय परिणाम होतो ते बघायचंय, आणि तुम्ही उपचारानंतरच्या रक्तदाबानुसार गट पाडलेत. मग औषधानं जे काम केलं तेच तुम्ही पुसून टाकलंत. तक्ता दोन्हीकडे सारखाच दिसतो. आधी काय आणि नंतर काय, ते तक्त्याबाहेरून आणावं लागतं.

न मांडलेल्या आकड्यांचं उदाहरण उड्डाणात फुटलेल्या चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचं. २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाआधी थंडीचा रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांवर काय परिणाम होतो यावर खल झाला, तेव्हा नजरेसमोर ठेवली ती कड्यांना इजा झालेली उड्डाणं. त्यांत तापमानाशी संबंध दिसेना. इजा न झालेली उड्डाणं शेजारी मांडली असती तर चित्र लख्ख होतं: ६५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १८ अंश सेल्सिअस) खालच्या चारही उड्डाणांत इजा, आणि त्यावरच्या २० पैकी फक्त तिघांत. हे नंतर चौकशी आयोगानं मांडून दाखवलं. त्या सकाळी तापमान गोठणबिंदूच्या आसपास होतं.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आणून द्याल का?

नाही. विचारणाऱ्याचा राग मात्र येत नाही, कारण त्याला तसंच शिकवलेलं असतं. पी-व्हॅल्यू म्हणजे, परिणाम मुळीच नसताना निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली गेली की निकाल दखलपात्र धरायची प्रथा आहे. काहीही परिणाम नसताना एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर त्यातली निदान एक ०.०५ च्या खाली उतरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तेव्हा ‘एकदा वय ५० च्या वरचे घेऊन बघा, एकदा फक्त स्त्रिया घेऊन बघा’ असं करत गेलं की काहीतरी सापडतंच. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ मध्ये खास निवेदन काढून सांगितलं, की पी-व्हॅल्यू म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता नव्हे, आणि एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे बघून निर्णय घेऊ नयेत. निवेदन आल्यावरही मेल येतातच.

मी उलटा सौदा करते. डेटा उघडण्याआधी काय तपासणार ते एका कागदावर लिहून दोघांनी सही करायची. नंतर जे सुचेल तेही बघू, पण पेपरात ते ‘नंतर सुचलेलं’ म्हणूनच जाईल.

निकाल अपेक्षेविरुद्ध गेला तर?

काही लोक दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाकडे जातात. एका प्रकल्पात उपचाराचा परिणाम दिसत नव्हता, मी तसं लिहून दिलं. आठ महिन्यांनी पेपर छापून आला तेव्हा परिणाम दिसत होता आणि माझं नाव दिसत नव्हतं. नाव गेलं ते बरंच झालं. डेटातले अकरा रुग्ण कमी झाले होते, त्याचं वाईट वाटलं.

हे संशोधन आहे की नुसती सल्लागिरी? तुमचं स्वतःचं काय?

हा प्रश्न मुलाखतीच्या समितीत हमखास येतो, आणि विचारणारा बहुधा थिअरीवाला असतो. विषयाच्या इतिहासाकडे बघितलं तर तो विचारायलाच नको. विल्यम गॉसेट गिनेसच्या दारूच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. तिथे बार्लीचे, हॉप्सचे प्रयोग चार-पाच नमुन्यांवर चालायचे, आणि त्या काळचं सगळं गणित मोठ्या नमुन्यांसाठी होतं. ‘एवढ्याशा नमुन्यावर किती भरवसा ठेवू?’ या नोकरीतल्या पेचातून १९०८ चा लेख निघाला. कंपनी नाव लावू देत नसे, म्हणून ‘स्टुडंट’ या टोपणनावानं. आज जगभर विद्यार्थी टी-टेस्ट करतात ती हीच. फिशर १९१९ मध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आले ते खतांच्या प्रयोगांच्या वह्या चाळायला. प्रयोग कसा आखावा याचं शास्त्र त्या वह्यांतून उभं राहिलं.

माझ्या कामाचंही, फार लहान प्रमाणावर, असंच होतं. कुणाचा डेटा नेहमीच्या पद्धतीत बसत नाही. आधी वाटतं यांनीच काहीतरी घोळ केलाय. मग दुसऱ्या क्षेत्रातून तसाच डेटा येतो. तिसऱ्यांदा आला की कळतं, घोळ पद्धतीत आहे. तिथून माझा पेपर सुरू होतो. वर सांगितलेल्या शून्यांचंच बघा: रक्तातला घटक, पाण्यातलं कीटकनाशक, हवेतली धूळ, तिन्हीकडे ‘यंत्राला दिसलं नाही’ हाच प्रश्न. तीन क्षेत्रांत लोक तीन वेगवेगळ्या जुगाडांनी तो सोडवत होते आणि एकमेकांचं वाचत नव्हते.

पेपरवर तुमचं नाव कितवं असतं?

मधलं. वैद्यकाच्या पेपरात नऊ लेखक असतील तर चौथं-पाचवं. बढतीच्या फॉर्ममध्ये ‘पहिले लेखक म्हणून किती’ असा रकाना असतो, आणि तिथे अर्धं आयुष्य गायब होतं. गणिताच्या विभागाला वाटतं ही डॉक्टरांचं काम करते. डॉक्टरांच्या विभागाला वाटतं ही गणितवाली. नव्यांना माझा व्यवहारी सल्ला: वर्षाकाठी निदान एक पेपर असा ठेवा ज्यात पद्धत तुमची आणि नाव पहिलं. आणि सहलेखक की नुसते आभार, हे काम सुरू होण्याआधी बोलून घ्या. नंतर बोललं की भिडेस्तव हो म्हटलं जातं आणि मग वर्षभर मन खातं.

नव्या क्षेत्रात शिरायला किती वेळ लागतो?

गणिताला वेळ लागत नाही, शब्दांना लागतो. ‘कंट्रोल’ हा एकच शब्द घ्या. प्रयोगशाळेत कंट्रोल म्हणजे उपचार न दिलेला गट. साथरोगाच्या अभ्यासात कंट्रोल म्हणजे तो आजार नसलेला माणूस; त्यानं औषध घेतलेलंही असू शकतं. कारखान्यात प्रक्रिया ‘कंट्रोलमध्ये आहे’ म्हणजे यंत्र नेहमीइतकंच डळमळतंय, जास्त नाही. समाजशास्त्रज्ञ ‘उत्पन्न कंट्रोल केलं’ म्हणतात तेव्हा त्यांनी उत्पन्नाला हातही लावलेला नसतो, समीकरणात एक पद वाढवलेलं असतं. एकदा एका बैठकीत दोन क्षेत्रांतले लोक वीस मिनिटं या शब्दावरून भांडत होते, आणि दोघांचं म्हणणं एकच होतं.

पहिले सहा महिने बावळट प्रश्न विचारायची तयारी ठेवा. शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष जाऊन मोजमाप होताना बघा. उंची मोजताना मूल टाचा उचलतं, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये इतक्या ठसठशीतपणे लिहिलेलं नसतं.

कोणती पदवी घ्यावी? आधी एका क्षेत्रात पीएचडी करावी का?

संभाव्यता, रेखीय बीजगणित, रेग्रेशन, नमुना निवड आणि प्रयोग आराखडा हे पक्कं असावं. शेवटचे दोन विषय हल्ली जुनाट समजून अभ्यासक्रमातून वगळतात. मला तर रोज तेच लागतात. पीएचडी संख्याशास्त्रात करा, पण गाइड असा निवडा ज्याच्याकडे बाहेरचे लोक डेटा घेऊन येतात.

वाट सरळ असलीच पाहिजे असंही नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना डॉक्टर व्हायचं होतं. तरुणपणी क्षय झाला, वैद्यक सुटलं, पदवी घेतली ती अर्थशास्त्राची, तीही घरबसल्या. पुढे स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर चालतं का, याची चाचणी त्यांनीच आखली. १०७ रुग्ण, कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीवरून ठरायचं, म्हणजे डॉक्टरला आवडीचा रुग्ण औषधाच्या बाजूला सरकवता येऊ नये. सहा महिन्यांत औषधाच्या ५५ जणांपैकी ४ दगावले, विश्रांतीच्या ५२ पैकी १४. निष्कर्ष १९४८ मध्ये छापून आला.

सॉफ्टवेअर कुठलं शिकू?

आर किंवा पायथन, जे तुमच्या शेजारी बसणाऱ्याला येतं ते. अडलं की विचारता येतं. महत्त्वाचं हे, की कच्च्या फाइलपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत प्रत्येक पायरी कोडमध्ये असावी, हातानं काही नको. एक्सेलमध्ये डेटा भरा, हरकत नाही, पण नजर ठेवून. ‘मार्च१’ आणि ‘सप्ट२’ अशा नावांच्या जनुकांची एक्सेल तारीख करून टाकायचं. हे इतकं पसरलं, की जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. प्रोग्राम बदलण्यापेक्षा जीवशास्त्र बदलणं सोपं गेलं!

कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोघांनी २००९ मध्ये कर्करोगावरच्या काही गाजलेल्या पेपरांची उलटतपासणी प्रसिद्ध केली. औषध कुणाला लागू पडेल हे जनुकांवरून सांगता येतं, असा त्या पेपरांचा दावा होता. सापडलं काय, तर जनुकांच्या यादीतली नावं एका ओळीनं सरकलेली. कुणीतरी यादी चिकटवताना मथळ्याची ओळ धरली नव्हती. त्या दाव्यांच्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्या पुढे बंद कराव्या लागल्या. या तपासणीत दोघांचे सुमारे १५०० तास गेले. असल्या कामाला ना ग्रँट, ना बढतीच्या फॉर्ममध्ये रकाना.

मशीन लर्निंग आल्यावर तुमचं काम संपणार का?

उणे ९९ ची सरासरी आता जास्त वेगानं निघते.

काम कधी नाकारता?

पेपर उद्या पाठवायचाय असं म्हटलं की. डेटा कुणी गोळा केला ते सांगता येत नसेल तर. ‘फक्त एक सही हवीय’ असं म्हटलं तर चहासुद्धा न देता.

भेटायला येताना काय आणू?

प्रश्न एका वाक्यात, तुमच्या भाषेत. माझ्या भाषेत नको. कोरा फॉर्म, ज्यावर माहिती भरली गेली. जमेल तर मूळ वही, खाडाखोडीसकट. खाडाखोड मला फार आवडते. ज्यांनी प्रत्यक्ष मोजलं त्यांना सोबत आणा, त्यांचं पद काहीही असो. तक्ता ‘स्वच्छ’ करून आणू नका. काय साफ केलं ते मला कळणार नाही. आणि काही घरं पिवळ्या रंगानं रंगवलेली असतील, तर त्या पिवळ्याचा अर्थ आत्ताच विचारून ठेवा, रंगवणारा विद्यार्थी अजून लॅबमध्ये आहे तोवर.